नत्थूची छाती

मिलमध्ये कापूस फोडायच्या खात्यात जे काम करतात, त्यांना सोमवार कॅलेंडरात पाहावा लागत नाही. रविवारी मिल बंद असते. छाती दिवसभर मोकळी राहते आणि तिला उगीच वाटतं, सुटलो बुवा. सोमवारी पहिल्या तासालाच ती दोरीनं करकचून बांधल्यासारखी आवळते. मंगळवारी थोडी सैल पडते आणि बुधवारपर्यंत माणूस विसरूनही जातो. देवाजीची छाती मात्र त्या चैत्रात बुधवारी सुटली नाही, शनिवारीही नाही. पुढच्या सोमवारी सकाळी भीमाबाईला चुलीच्या राखेत लाल गोळा दिसला.

राखेत थुंकायचं आणि वरून काडीनं राख सारायची, एवढी अक्कल देवाजीनं लढवली होती. पण भांडी घासायला राख बायकोच काढते, हे तो विसरला.

"हे का होय?" भीमाबाईनं विचारलं.

"काल पान खाल्लं होतं."

"पान? तुमी? इतक्या सालात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाई, अन् काल पान खाल्लं?"

मिलची वेळ टळली तरी देवाजी निघाला नव्हता. भिंतीला टेकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो बसला होता. भर उन्हात कोंबडी चोच वासून बसते तसं त्याचं तोंड उघडं होतं. प्रत्येक श्वासाला गळ्याजवळची खळगी आत जात होती. भीमाबाई ते पाहत राहिली. मग तिनं हातातली राख तशीच टाकली आणि लुगड्याचा काष्टा आवळला.

"चाला. गोपाळराव डाक्टरकडं चाला."

"उद्या जाऊ."

"उद्या तुमी मिलमंदी जासान. आजच चाला."

टेंभरी हे त्यांचं गाव, नागपूरहून सात मैलांवर, उमरेड रस्त्यावर. देवाजी रोज सायकलनं जायचा, पण त्या दिवशी त्याला सायकल भिंतीपासून उचलवली नाही. दोघं उमरेडहून येणाऱ्या एस्टीत उभ्यानं गेली.

इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकली पाहिजे. देवाजी मिलमध्ये देवाजी नव्हता. हजेरीच्या मस्टरवर, बिल्ल्यावर आणि बिम्याच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कार्डावर तो नत्थू होता. नत्थू हा त्याचा थोरला भाऊ. आधी मिलमध्ये तोच होता. चौदा वर्षांपूर्वी पिंजायच्या मशिनीनं त्याच्या उजव्या हाताचं करंगळीजवळचं बोट मुळापासून नेलं. जखम महिन्याभरात भरली, पण मशिनीची भीती काही भरेना. फाटकाजवळ गेला की त्याला दरदरून घाम फुटायचा आणि पाय मागं वळायचे. खात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, भला माणूस होता. तो म्हणाला, "नाव कटलं त जागा गेली. तुह्या भावाले पाठव, नाव राहू दे तेच." बावीस वर्षांचा देवाजी भावाचा बिल्ला घेऊन आत गेला, तो नत्थू होऊनच. जॉबर पुढं मेला. नत्थू गावात लोकांच्या शेतात राबू लागला, त्याची बायको बाळंतपणात गेली, आणि तो भावाच्याच घरी एका पडवीत राहू लागला.

दोन वर्षांनी देवाजीचं लग्न झालं. बिम्याच्या कार्डावर भीमाबाई लागली ती नत्थूची पत्नी म्हणून. घरात ज्या भासऱ्यासमोर ती पदर पुढं ओढायची, नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणून ज्याचं नाव घ्यायची नाही, ज्याच्याशी सरळ तोंडानं बोलायची नाही, कागदावर ती त्याचीच बायको. पहिल्यांदा कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती. मग सवय झाली. कागद पेटीत राहतो आणि माणूस घरात राहतो, असं तिनं मनाला समजावलं.

बिम्याच्या यादीतले, पॅनेलचे म्हणतात ते डॉक्टर गोपाळराव. त्यांनीच नत्थूच्या बोटाची पट्टी केली होती. पुढं त्याच कार्डावर देवाजी औषधाला आला, तेव्हा त्यांनी त्याची दहा बोटं पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "काय होतंय, नत्थू?" त्यानंतर चौदा वर्षांत त्यांनी पुन्हा त्या हाताकडं पाहिलं नाही. देवमाणूस म्हणा, नाही तर डोळेझाक म्हणा. त्या घराचं पोट त्यावर चाललं होतं, हे मात्र खरं.

आज त्या गोपाळरावांच्या दवाखान्याला कुलूप होतं. पायरीवर त्यांचे म्हातारे कंपाउंडर बापूजी रिकाम्या बाटल्या पोत्यात भरत होते.

"डॉक्टरांच्या अंगावरून वारं गेलं," बापूजी म्हणाले. "मुलगी जबलपूरला घेऊन गेली. आता काही परत येत नाहीत. तुमचे सगळ्यांचे कागद बिमा ऑफिसात गेले. दुसरा पॅनेलचा डॉक्टर धरा. आधी धरमपेठेत जाऊन पाहा, नाही तर मिलजवळ एक आहेत."

देवाजीला खोकल्याची उबळ आली. बापूजींनी बाटल्या भरायचं थांबवलं आणि त्याच्या दुपट्ट्याकडं पाहिलं.

"लवकर धरा," ते म्हणाले.

कोणी म्हणेल, सरकारी मोठ्या दवाखान्यात का गेले नाहीत? तिथं फुकट औषध मिळालं असतं, तेही देवाजी या खऱ्या नावानं. पण देवाजी नावाच्या माणसाला मिलमधून रजा कोण देणार? त्या छातीला औषधाच्या आधी रजा पाहिजे होती, महिनोन्‌महिन्यांची. ती रजा फक्त बिम्याच्या डॉक्टरच्या कागदावर मिळत होती. आणि ते आणीबाणीचे दिवस होते, जिथं तिथं शिस्तीचे बोर्ड लागले होते. बिनकागदाचे आठ दिवस घरी राहिलं की मिलमधून नाव कटत होतं.

धरमपेठेत डॉक्टर कृष्णकांतांची पाटी पितळी होती. आत पंखा फिरत होता, खुर्च्यांना गाद्या होत्या. टेबलाशी बसलेल्या बाईनं दोघांकडं पायापासून वर पाहिलं.

"प्रायव्हेट की बिमा?"

"बिमा जी," भीमाबाई म्हणाली.

"मग मागच्या दारानं या."

मागचं दार म्हणजे बोळ होता आणि बोळातून नाली वाहत होती. देवाजी दोनदा भिंतीला धरून थांबला. दार बंद होतं. भीमाबाईनं कडी वाजवली, पुन्हा वाजवली. शेवटी दार उघडलं ते त्याच बाईनं.

"डॉक्टरांनी पॅनेल सोडलं. जानेवारीपासून बिम्याचे पेशंट घेत नाहीत."

"मंग आमाले इकडून काहून बोलावलं, बाई?"

"बिम्याचे लोक इकडूनच येतात," बाई म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता. रीत सांगावी तसं तिनं सांगितलं, आणि भीमाबाईला तेच जास्त लागलं.

मिलजवळच्या दवाखान्यात डॉक्टर दिसतच नव्हते. एक खिडकी होती, खिडकीसमोर उन्हात रांग होती. हात आत घालायचा, कार्ड द्यायचं, बाटली घ्यायची. दीड तासानं त्यांचा नंबर लागला.

"काय होतं?" आतून आवाज आला.

"खोकला हाय जी," भीमाबाई म्हणाली. "डाक्टरसाहेबाले छाती दाखवाची होती."

"दाखवायचं काय त्यात? खोकला ऐकू येतोच आहे."

गुलाबी औषधाची बाटली बाहेर आली आणि तिच्यामागं सात दिवसांच्या रजेचा कागद. "हा एकच. आमची यादी भरलेली आहे. रविवारपर्यंत दुसरा डॉक्टर धरा. सोमवारी एक तर कामावर जा, नाही तर नवीन डॉक्टरचा कागद मिलमध्ये द्या."

मागच्या माणसानं कोपर मारलं आणि दोघं रांगेतून बाहेर पडली. देवाजी रस्त्याच्या कडेला, ऊस पिळायच्या गाडीच्या सावलीत उकिडवा बसला. गाडीवाला म्हणाला, "गिऱ्हाईक येते बाप्पा इथी, थोडा पलीकडं थुंक." देवाजी उठला आणि पलीकडं जाऊन थुंकला.

संध्याकाळी दोघं पुन्हा बापूजींच्या दारात उभी राहिली. आता बाकी कोणाच्या दारात जायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. बापूजींनी पाणी दिलं आणि बराच वेळ टक्कल खाजवलं.

"प्रतापनगरला एक नवीन डॉक्टर पॅनेलवर आलेत. मधुसूदन म्हणून. तरुण आहेत, यादी रिकामी आहे. माणूस कामाचा आहे. एक्स-रे काढतील, मोठ्या दवाखान्यात खाटही मिळवून देतील, लांब रजा लिहितील. शनिवारपर्यंत तुमच्या कागदांचा लखोटा मी बिमा ऑफिसातून त्यांच्याकडं पोचता करतो. पण..."

"पण का जी?"

"लखोट्यात गोपाळरावांच्या हातचं लाल शाईत लिहिलेलं आहे. उजव्या हाताचं बोट नाही म्हणून. आणि हे डॉक्टर कागद वाचतात."

देवाजीनं आपला उजवा हात मांडीखाली सरकवला, जसं काही बापूजीच तो मोजणार होते.

घरी जया, त्यांची पाचवीतली पोर, झोपल्यावर पडवीत बोलणं झालं. नत्थू दाराशी बसला होता. भीमाबाई आत, कुडाच्या आड.

"दादा, तू चाल एक बार," देवाजी म्हणाला. एकेका शब्दाला तो थांबत होता. "बोट दाखव. नाव लागू दे यादीत. एकदा नाव लागलं की मंग मीच जात जाईन. डाक्टर रोज का हात पाह्यते? गोपाळरावनं चौदा साल पाह्यला नाई."

"अन् चेहरा?"

"आपला तोंडवळा सारखाच त हाय. इतके लोक येते, त्याले का याद राह्यते?"

नत्थू आपल्या हाताकडं पाहत राहिला. "मले खोटं बोलता येत नाई गा."

"बोलाचं नाई काही. नुसतं खोकलाचं."

कुडाआडून भीमाबाईचा आवाज आला. ती भासऱ्याशी नव्हे, नवऱ्याशी बोलत होती. "कार्डावर बायको हाय. बायको संगं लागन का?"

नत्थूनं अंगणाकडं तोंड फिरवलं. मग देवाजी म्हणाला, "लागन."

शनिवारी नत्थूनं देवाजीचा धुतलेला शर्ट घातला. तो खांद्यांत उसवत होता. एस्टीत भीमाबाई पुढं बसली, नत्थू मागं उभा राहिला. प्रतापनगरला उतरल्यावर तो पुढं चालायचा आणि ती वीस पावलं मागं. दवाखान्याच्या जवळ आल्यावर तो थांबला. ती बाजूला येईपर्यंत त्याचा चेहरा काळवंडून गेला होता. ज्या बाईनं बारा वर्षं त्याला ताट वाढलं ते खाली ठेवून, हातात कधी दिलं नाही, तिच्याशेजारी त्याला नवरा म्हणून बसायचं होतं.

आजूबाजूला नुसते प्लॉट होते, अर्धी घरं विटांचीच. दवाखाना एका खोलीचा होता, मध्ये हिरवा पडदा. बाक एकच होता. त्यावर एक इस्त्रीचे कपडे घातलेले गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या शेजारी एक म्हातारा मजूर. भीमाबाईनं मागचं दार कुठं दिसतं का ते पाहिलं. दिसलं नाही. नंबरानं आधी तो म्हातारा आत गेला आणि गृहस्थ पेपर वाचत बसले. तिला आश्चर्य वाटलं. इथं आज देवाजी पाहिजे होता, असं तिच्या मनात आलं.

"या, बसा," डॉक्टर मधुसूदन म्हणाले. त्यांनी साबणानं हात धुतले, पुसले आणि लखोटा उघडून वाचला. पहिल्या पानापासून वाचला. "नत्थू सखाराम. बोट बासष्ट साली गेलं. बघू."

नत्थूनं हात पुढं केला. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांत धरला, वण दाबून पाहिला. "छान भरली जखम. गोपाळरावांचा हात होता तो. आणि या तुमच्या पत्नी?"

नत्थूनं मान हलवली. भीमाबाईचा पदर हनुवटीपर्यंत खाली आला.

"यजमानांचं नाव सांगा, बाई."

भीमाबाईच्या तोंडून शब्द फुटेना. नवऱ्याचं नाव बाई घेत नाही आणि भासऱ्याचं तर मुळीच नाही. इथं तिला दोन्ही बाजूंनी कुलूप होतं. डॉक्टर हसले. "बरं, राहू द्या. माझी आईपण घेत नाही."

नत्थूला वाटलं, झालं काम. तो उठू लागला.

"अहो, बसा. शर्ट काढा. नवीन पेशंट मी पूर्ण तपासतो."

नत्थूनं भीमाबाईकडं पाहिलं. मग त्यानं बटणं सोडली. भीमाबाईनं मान भिंतीकडं वळवली. भिंतीवर माणसाच्या फुफ्फुसांचं रंगीत चित्र होतं.

"काय त्रास होतो?"

"खोकला जी." नत्थू खोकला. कढईत काही घासावं तसा तो कोरडा आवाज निघाला.

"रक्त पडतं?"

"पडते जी."

"कधी पडलं?"

"राखेत."

"कुठं नाही, कधी विचारलं."

डॉक्टरांनी नळी लावली. पाठीवर ठोकलं, दोन बोटांनी, एकेक फासळी सोडून, वरून खाली. मोठा श्वास घ्या, सोडा. पुन्हा घ्या. पापण्या खाली ओढल्या, नखं दाबली, गळ्यातल्या गाठी चाचपल्या. भीमाबाई पदराआडून ऐकत होती. ते ठोकणं ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी येत होतं. देवाजीच्या पाठीवर असं कोणी एकदा ठोकलं असतं! सगळं होतं इथं. डॉक्टर होता, त्याला वेळ होता, त्याचा हात अंगाला लागत होता. फक्त पाठ दुसऱ्याची होती.

"आता पुन्हा खोका."

नत्थू खोकला. डॉक्टरांनी नळी कानातून काढली आणि टेबलावर ठेवली. ते खुर्चीत मागं टेकले.

"काय काम करतोस तू मिलमध्ये?" त्यांनी विचारलं. आतापर्यंतचं 'तुम्ही' गेलं होतं. भीमाबाईला ते आधी कळलं.

"कापूस फोडाच्या खात्यात जी."

"किती वर्षं?"

"मोप झाले."

"त्या खात्यातली छाती मी ओळखतो. तुझी छाती लोहाराच्या भात्यासारखी आहे. खांद्यावर उन्हाचे चट्टे आहेत, तळव्याला नांगराचे घट्टे आहेत. पीक कापायचं म्हणून रजा पाहिजे, हो ना?"

"नाई जी."

"गेल्या आठवड्यात तुझ्याच खात्यातला एक जण या खुर्चीवर बसला होता. खरा आजारी. खाट मिळेपर्यंत तो टिकला नाही. का? तुझ्यासारखे धट्टेकट्टे कागद घेऊन आमचा वेळ खातात, खाटा अडवतात, आणि वरचे साहेब म्हणतात, बिम्याचे सगळेच लबाड. खऱ्याला तुम्ही मारता."

नत्थूची मान खाली गेली. उघड्या अंगानं तो तसाच बसून राहिला आणि शर्ट मुठीत चुरगळत होता. डॉक्टरांनी कागद ओढला आणि लिहायला लागले.

"साहेब," भीमाबाई म्हणाली.

डॉक्टरांनी वर पाहिलं. "बोला."

तिनं पदर थोडा मागं घेतला. त्या माणसाच्या चेहऱ्याकडं तिनं पहिल्यांदाच नीट पाहिलं. चांगला चेहरा होता. सगळं सांगून टाकावं, पाया पडावं, असं तिच्या ओठांवर आलं. पण चांगला होता म्हणूनच तिला भीती वाटली. गोपाळराव कागदावर खोटं लिहीत आणि माणूस वाचवीत. हा खरं लिहिणारा होता. यानं खरं लिहिलं तर चौदा वर्षांचं खोटं वर येणार. नोकरी जाणार, फंड जाणार, दोघं भाऊ पोलिसात. तिनं पदर पुन्हा पुढं ओढला.

"काई नाई जी," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सही केली, शिक्का मारला. "तब्येत चांगली. सोमवारपासून कामावर हजर होण्यास योग्य. आता सहा महिने नाव माझ्याच यादीत राहील. खरंच काही झालं तर केव्हाही या, मी नाही म्हणणार नाही. खोटं मात्र चालायचं नाही."

परतताना नत्थू एस्टीत बसलाच नाही. सात मैल पायी आला.

रविवारी दुपारी देवाजी पडवीत बाजेवर होता. वारा तापला होता, जमिनीवरून भाजून येत होता. भीमाबाईनं काल जे झालं ते एका दमात सांगितलं होतं. देवाजी आता एकदम हसायला लागला. हसता हसता खोकला आणि खोकता खोकता बाजेच्या कडेला वाकला. भीमाबाईनं राखेचं टोपलं पुढं धरलं.

"चौदा साल झाले," तोंड पुसून तो म्हणाला, "नत्थूची छाती कोणी पाह्यली नव्हती. पाह्यली त साफ निघाली."

"मी जातो उद्या अन् सांगतो त्या डाक्टरले सगळं," भीमाबाई म्हणाली. "थो माणूस चांगला हाय."

"सांगशीन. अन् थो का करन? खरं लिहीन. मंग नत्थूची नोकरी जाते, अन् देवाजीची त नोकरीच नाई. कोणाले रजा देईन थो?"

नत्थू दारात उभा होता. सकाळपासून त्यानं भाकरीला हात लावला नव्हता.

"उद्या मी जातो," तो म्हणाला.

"कोठी?"

"मिलमंदी. नाव माह्यं हाय. छाती माह्यी साफ हाय. कागद माह्याच नावाचा हाय. तू घरी राह्य. तुले कोणी रजा नाई देत त मी देतो."

"तुले जमन का दादा? मशिनीजवळ उभं राह्यता येईन?"

नत्थूच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं तो दंडानं पुसला.

सोमवारी पहाटे भीमाबाईनं डबा भरला. कापसाचा फुफाटा घशात बसू नये म्हणून मिलवाले गूळ चघळतात. तसा गुळाचा खडा तिनं कागदात बांधला आणि डब्यावर ठेवला. बारा वर्षं ती रोज ठेवत आली होती. देवाजी घरी राहीना. "खातं कोणतं, जाचं कुठून, हे दाखवतो अन् येतो," असं म्हणून तो एस्टीत चढला, आणि त्याला धरायला भीमाबाईही निघाली.

फाटकासमोर रस्त्यापलीकडं कडुलिंब होता. देवाजी आणि भीमाबाई तिथं थांबली. नत्थू डबा घेऊन पुढं गेला. भोंग्याला अजून दहा मिनिटं होती. माणसं एकेक करून बिल्ला दाखवत आत जात होती. आतून मशिनींची घरघर येत होती. नत्थूची पाठ ताठ झालेली भीमाबाईला इतक्या दुरूनही दिसली. तरी पाय मागं वळले नाहीत. त्यानं बिल्ला पुढं केला, कागद पुढं केला.

खिडकीत टाइमकीपर मधुकरराव बसले होते. त्यांनी बिल्ला पाहिला, मग माणूस पाहिला.

"हा नत्थूचा बिल्ला आहे. तू कोण?"

"मीच नत्थू."

मागच्या रांगेत कोणी तरी हसलं. मधुकरराव हसले नाहीत. "नत्थूला मी बारा वर्षं रोज पाहतो. बिल्ला कुठं सापडला तुला?"

"साहेब, मीच नत्थू हाय. नत्थू सखाराम. हे पाहा..." त्यानं उजवा हात खिडकीत घातला. "हे बोट याच मिलमंदी गेलं. बासष्ट साली."

"इथं बोटं पुष्कळांची गेली," मधुकरराव म्हणाले. "ए चौकीदार, धर याला. दुसऱ्याचा बिल्ला घेऊन आत शिरतोय."

चौकीदारानं नत्थूचा दंड पकडला. त्याच्या धक्क्यानं शर्ट खांद्यात टर्रकन फाटला. नत्थू पुन्हा पुन्हा हात वर करून तेच सांगत होता आणि माणसं त्याच्या बाजूनं आत जात होती. डॉक्टरनं बोट पाहून माणूस ओळखला, फाटकानं तोंड पाहून. खरा नत्थू दोन्हीकडं लबाडच ठरला.

"सोड मले," कडुलिंबाखाली देवाजी म्हणाला. भीमाबाईनं त्याचा हात घट्ट धरला होता. "सोड वं. दादाले मारतीन थे."

तिनं सोडला.

देवाजी रस्ता ओलांडून गेला. सावकाश गेला, पण खिडकीशी पोचला तेव्हा ताठ उभा होता. त्यासाठी त्याला किती जोर लागला ते फक्त भीमाबाईला ठाऊक.

"साहेब, माहा भाऊ हाय. भोळा हाय थोडा. बिल्ला मी घरी विसरलो, तो घेऊन आला."

"मग मीच नत्थू, मीच नत्थू काय लावलंय?"

"भोळा हाय जी."

मधुकररावांनी चौकीदाराला खूण केली. कागद उघडून वाचला. "फिट? छान. बरा झालास म्हणायचा, नत्थू."

"हो जी."

"तोंड उतरलंय पण. ऊन लागलं काय? जा, भोंगा होतो."

देवाजीनं भावाच्या हातातला बिल्ला घेतला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. तो आत गेला. पहिल्या वळणावर त्यानं भिंतीला हात लावला, दुपट्टा नाकावर बांधला आणि दिसेनासा झाला. भोंगा झाला. फाटक लागलं.

नत्थू तिथंच उभा होता. भीमाबाई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर पडला होता, तो तिनं पुढं ओढला नाही.

"डबा तुमच्याच हाती राह्यला," ती म्हणाली. बारा वर्षांत ती भासऱ्याशी सरळ बोलली ती ही पहिली गोष्ट.

नत्थूनं डब्याकडं पाहिलं. वरचा कागद घामानं भिजून फाटला होता आणि गूळ त्याच्या चार बोटांना चिकटला होता. तो तसाच हात पुढं धरून उभा राहिला.

"मले खोकलता नाई आलं वं," तो म्हणाला. "नीट खोकललो असतो, त त्यानं रजा देली असती."